डिझेलची टाकी घरीच झाळली, आन् तिला तात्यांचं बीपीचं मशीन लावलं

आमचं नदीला पाणी उपसायचं एक जुनं स्लो स्पीड डिझेल इंजिन आहे, पाच एचपीचं. मोटार आहेच, पण थ्री फेज लाईट कधी रात्रीची कधी दिवसाची, त्यामुळं इंजिन अजून ठेवलंय. २०१९ च्या महापुरात, म्हणजे सांगलीत आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलतं (धोक्याची पातळी ४५ आहे) तेव्हा हे इंजिन वर काढायला वेळच मिळाला नाही, सगळं गाळात. नंतर मेकॅनिकनं खोलून चालू करून दिलं पण टाकी नुसती धुवून परत लावली, तिथंच चुकलं. आतनं गंज खात गेला आन् गेल्या उन्हाळ्यात तळाला सुईच्या टोकाएवढी भोकं दिसायला लागली. अंगाचा साबण घासून चार दिवस काढले. ही आयडिया सगळ्यांना माहिती असती, साबण डिझेलमध्ये विरघळत नाही म्हणून तेवढ्यापुरतं थांबतंय, पण इंजिनच्या धडधडीनं दोन दिवसांत परत गळायला सुरू.

मग म्हणलं घरात इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे, गोठ्याचं शेड मीच मारलंय, टाकीत काय एवढं. इथनं किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर, १९१० साली लक्ष्मणरावांनी माळावर कारखाना काढला तेव्हापासनं या पट्ट्यात घरटी एक फिटर नाहीतर वेल्डर निघतोय, त्यामुळं आत्मविश्वास फुकटात मिळतो.

पहिली टाकी मी सहा तुकडे कापून केली. ३५ बाय २२ बाय २० सेंटिमीटर, म्हणजे पंधरा लिटर भरतंय. पत्रा १६ गेजचा सीआर, म्हणजे बिनजस्ताचा साधा लोखंडी पत्रा घेतला, दीड एमएमच्या जरा वर. दुकानदार जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घे म्हणत होता, गंजत नाही म्हणून, पण जस्ताच्या धुरानं वेल्डिंग करताना थंडी ताप भरतो आन् नंतर डिझेलमध्ये जस्त उतरून इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलची वाट लागती ती वेगळीच. सहा तुकडे म्हणजे बारा कडा, सगळी मिळून तीन मीटरच्या वर शिलाई, म्हणजे वेल्डिंगची रेघ. एवढी शिलाई आपण कशाला अंगावर घेतोय हा विचार तेव्हा आलाच नाही. वेल्डिंगचा रॉड ६०१३ जातीचा, १२ नंबर, म्हणजे अडीच एमएम, करंट ७० ला ठेवला. कोपऱ्यावर पत्र्याला पत्रा नुसता टोकाला टोक लागलेला, त्यामुळं जरा हात थांबला की भोक, भोक बुजवायला परत रॉड, की शेजारी दुसरं भोक. शेवटी शेवटी ती टाकी कमी आन् वारूळ जास्त दिसत होती. पण पाणी भरून रात्रभर ठेवली, एक थेंब नाही. मी खूश. बसवली, डिझेल भरलं, इंजिन चालू.

तिसऱ्या दिवशी खाली ओलं.

आमच्या गल्लीत एक अण्णा आहेत, कुपवाड एमआयडीसीत तीसेक वर्षं गॅस वेल्डिंग केलेलं. त्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून टाकी बघितली, शिलाईवर चिपिंग हातोडी हळूच टकटक केली आन् काळी काचेसारखी खपली खाली पडली, तिच्या मागं भोक. म्हणाले, "ही तू वेल्डिंगनं न्हाय बुजवलास लेका, ही खपलीनं बुजलंय." म्हणजे रॉडचं कोटिंग वितळून भोकात जाऊन बसलेलं, पाण्याला तेवढं पुरलं, इंजिनच्या हादऱ्यानं ते सुटलं. वर डिझेल पाण्यापेक्षा लय चिकाटीचं, पाणी जिथं अडतं तिथनं डिझेल पाझरत बाहेर येतंय. आन् बाहेर आलं की शिलाईच्या कडेनं पळतंय, त्यामुळं थेंब एकीकडं आन् भोक वीतभर लांब.

मी लगेच मशीन जोडायला लागलो, म्हणलं टाकी रिकामी केलीय, वास पण नाही, एवढा एक टाका मारतो. अण्णांनी पहिलं होल्डर हातातनं घेतला. "वास न्हाय म्हणजे रिकामी न्हवं." डिझेल एरवी काडीनं पेटत नाही हे खरं, पण पत्र्याला आतनं जो पापुद्रा चिकटलेला असतो तो वेल्डिंगच्या उष्णतेनं वाफ होतो, बंद टाकीत हवेत मिसळतो आन् मग ती टाकी राहत नाही, बाँब होतो. ग्राइंडरच्या ठिणगीला पण तेवढंच पुरतंय. गरम पाणी, सोडा, परत गरम पाणी, मग तोंडापर्यंत पाणी भरून फक्त वेल्डिंगच्या जागेपुरती हवा, सगळी तोंडं उघडी, असं करणारे आहेत, पण अण्णा म्हणाले पंधरा लिटरच्या टाकीसाठी जिवाची जोखीम कशाला, नवी कर. ती टाकी पाण्यानं भरूनच भंगारात गेली.

दुसऱ्या टाकीला मशीन चालू करायच्या आधीच दोन दिवस गेले आन् माझ्या मते टाकी तिथंच झाली. ८४ सेंटिमीटर लांब पट्टा (वर जोडाला दोन सेंटिमीटर जास्त) पलूस एमआयडीसीत बेंडिंगवर वाकवून आणला, म्हणजे चारी बाजू एकाच पत्र्याच्या, जोड एकच आन् तो पण वरच्या बाजूला, मधोमध, एकावर एक चढवून. वर जोड असला की डिझेल तिथं उभंच राहत नाही. दोन्ही टोकांची झाकणं सपाट नाहीत, पेटीच्या झाकणासारखी सेंटिमीटरभर कॉलर वाकवलेली, ती आत सरकवायची, कॉलरची कड बाहेरच्या बाजूला. मग दोन पत्र्यांच्या कडा शेजारीशेजारी येतात, जाडी दुप्पट होती, रॉडनं भोक पडत नाही, दोन्ही कडा वितळून एकच मणी होतो. शिलाई तीन मीटरवरनं दोन मीटरवर आली.

कडा ग्राइंडरनं चकचकीत केल्या, थिनरनं पुसल्या आन् थिनर पूर्ण उडून जाईपर्यंत चहा घेतला. पत्र्याला येतानाच तेल असतंय, ते राहिलं की वेल्डिंगमध्ये फेसासारखी छिद्रं पडतात. तीन तीन सेंटिमीटरवर टाके मारले, मग एकदा या बाजूला दोन बोटं, एकदा समोरच्या बाजूला दोन बोटं, पत्रा वाकू नये म्हणून. अण्णांनी जो हात शिकवला तो हा: रॉड जिथं संपला तिथं खपली झाडायची, तारेच्या ब्रशनं घासायचं, नवा रॉड त्या खड्ड्याच्या सेंटिमीटरभर पुढं पेटवायचा, मागं येऊन खड्डा वितळवायचा आन् मग पुढं जायचं. लीक जवळजवळ सगळी या थांबल्या सुरू केलेल्या जागीच असतात, म्हणून थांबायचं ते सरळ भागात, कोपऱ्यावर कधीच नाही. डिझेलचा कॉक जिथं बसतो ते सॉकेट जाड, पत्रा पातळ, तिथं रॉडचा रोख सॉकेटकडं. सॉकेट तळापासनं दीड सेंटिमीटर वर ठेवलं, पाणी कचरा खाली बसतो, त्याला वेगळा ड्रेन.

आता टेस्टिंग. गल्लीतलं पोरगं म्हणालं पंक्चरवाल्याकडं नेऊ, हवा मारू. बरं झालं अण्णा होते. टाकीत डिझेल काठोकाठ भरलं तरी तळाला दाब पाव पीएसआयसुद्धा (टायरची हवा मोजतात ते माप) येत नाही. दोन पीएसआय दिला तरी आठपट झाला, आन् दोन पीएसआय म्हणजे किरकोळ वाटतंय पण ३५ बाय २२ च्या त्या बाजूवर १०८ किलो बसतात. कंप्रेसरचे १०० पीएसआय सोडले असते तर त्याच बाजूवर पाच टनाच्या वर, म्हणजे शिलाई फाटून पत्रा अंगावर. पण दोन पीएसआय मोजायचा कशानं, पंक्चरवाल्याच्या गेजचा काटा एवढ्यावर हलत पण नाही.

तर तात्यांचं बीपीचं जुनं मशीन, गोल काट्याचं. शंभरावर काटा म्हणजे जवळजवळ दोन पीएसआय! मशीनचा दंडाचा पट्टा काढला, टाकीच्या डिझेल भरायच्या तोंडाला रबरी बूच, त्यातनं नळी, टी लावून एकीकडं फुगा एकीकडं काटा. चाळीस पन्नास वेळा फुगा दाबला तेव्हा शंभर आला. तात्या खाटेवरनं बघत होते, म्हणाले "माझं बघायला कोण न्हाय, टाकीचं बघा." भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशनं लावत गेलो. पहिले बुडबुडे बुचालाच आले, ते घट्ट केलं. मग एका जोडावर असा बारीक फेस, मोहरीएवढा, एकदम पांढरा, लक्ष देऊन बघितलं तरच वाढताना दिसतोय. दुसरा सॉकेटच्या मागं. अण्णांनी त्यावर वरनं रॉड मारू दिला नाही, हवा सोडून तेवढी जागा कोरून काढायला लावली, कारण वरनं नुसतं सपाट घासलं की लोखंड भोकावर पसरतं आन् भोक लपतं. टाकी अजून कोरी होती, डिझेलचा थेंब लागला नव्हता, म्हणून हे सगळं निवांत करता आलं. साबण आधी, डिझेल शेवटी, ते यासाठी.

संध्याकाळी पाचला शंभर ठेवून झोपलो. सकाळी सहाला काटा सत्तरवर. माझं बीपी वाढलं. परत साबण, कुठंच काही नाही. अण्णा म्हणाले दुपारपर्यंत हात लावू नको. मेचं ऊन, दोन वाजता काटा ९७. रात्री आतली हवा गार होऊन आकसली होती एवढंच, लीक असती तर काटा परत शंभराच्या जवळ आला नसता.

शेवटी चुन्याची परीक्षा. पूर्वी रॉकेलनं करायचे, आता रेशनचं रॉकेल कुठाय, म्हणून डिझेलच. बाहेरनं सगळ्या शिलायांना चुना लावून वाळवला, आत डिझेल भरून एक दिवस सावलीत. जरा जरी पाझरलं तरी पांढऱ्यावर तेलकट काळा डाग उठतो. उठला नाही. मग चुना धुवून रेड ऑक्साईड, वर निळा रंग, झाकणाला हवेचं बारीक भोक (ते विसरलं की इंजिन दहा मिनिटांत बंद पडतं आन् माणूस नोझल खोलत बसतो).

तळाची एक शिलाई मुद्दाम रंगवली नाही, तिथं चुना तसाच ठेवलाय. नदीला गेलो की आधी वाकून तेवढं बघतो, या पावसापर्यंत तरी पांढराच होता. बीपीच्या मशीनचा पट्टा मात्र सापडत नाही, तात्या रोज विचारतात.