मशीन बरं आहे, पाणी जड आहे

लातुरात डिशवॉशर घेणाऱ्याने आधी बोअरचं पाणी तपासून घ्यावं, मग कंपनी आणि किंमत बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे या मशीनची म्हणून जी दुखणी सांगतात, त्यातली बरीचशी पाण्याची असतात. काळ्या पाषाणात मुरलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच वर येतं. तुरीच्या डाळीचं नाव काढणाऱ्या या गावात बोअरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, म्हणून वरणाला जारचं पाणी घेणारी घरं आहेत. तीच माणसं मशीनला मात्र थेट बोअर जोडतात आणि ग्लासांवर पांढरट थर आला की पावडरीला शिव्या देतात.

त्या ग्लासवर लिंबाची फोड चोळून बघावी. डाग गेला तर क्षार. नाही गेला तर काचच झिजली म्हणायची, तिला इलाज नाही. हे झिजणं मऊ पाणी आणि भरमसाट पावडर एकत्र आली की होतं, त्यामुळे ती काळजी आपण सध्या पुण्या-मुंबईवर सोडू.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात काठिण्य, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावं, असं आहे. आरओवाला मीटर बुडवून दाखवतो तो टीडीएस. त्यात सगळेच विरघळलेले क्षार आले. काठिण्य वेगळं मोजायचं, त्याच्या कागदी पट्ट्या मिळतात. आकडा कळला की मशीनमध्ये तशी सेटिंग करायची. बसवून देणारा मुलगा घाईत असतो, ही सेटिंग हमखास राहते.

आणि मीठ. मशीनच्या तळाशी पाणी मऊ करणारी रेझिन असते, ती कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते आणि मिठाच्या पाण्याने धुतली की पुन्हा कामाला लागते. मीठ शुद्ध, जाडसर, याच कामाचं हवं. घरातलं आयोडीनचं बारीक मीठ नको, त्यात गुठळी होऊ नये म्हणून भलतंच काही मिसळलेलं असतं. आमच्या मावशींनी ती पिशवी बघून विचारलं होतं, "ताई, ह्याला मीठबी लागतंय? मग तिखट कवा टाकायचं?"

दुसरी तक्रार, मशीन पाणीच घेत नाही. टाकीच्या उंचीला हिशेब सरळ आहे: दहा मीटरला साधारण एक बार दाब. मशीन आणि टाकी यांच्यात एकाच स्लॅबचं अंतर असेल तर जेमतेम 0.3 बार मिळतो, आणि कित्येक मशीन त्याहून जास्त मागतात. छोटा प्रेशर पंप हाच उपाय. दाब असूनही पाणी येत नसेल तर नळी सोडवून तिच्या तोंडाची बारीक जाळी बघावी. टँकरचा गाळ तिथे बसतो.

भांडी वरवर धुतल्यासारखी निघाली तर दोष बहुधा फोडणीचा. तळाची गाळणी फिरवून घट्ट बसवली नसेल तर मोहरी सरळ फवारणाऱ्या पात्यात जाते. पातं काढून कानाशी हलवलं तर खुळखुळ्यासारखं वाजतं. भोकातला दाणा काडीने बाहेर ओढायचा, आत ढकलायचा नाही. कढीपत्त्याचे देठ आणि भाताची शितं आधीच झटकली की पुरे; भांडी धुऊन मग मशीनला लावणं म्हणजे पाणी दोनदा घालवणं. भरलेलं मशीन दहा-बारा लिटरमध्ये काम उरकतं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या गावात या आकड्याचं कौतुक वेगळं करायला नको. (प्लास्टिकचे डबे ओले निघतात, त्याला बिघाड म्हणू नये. स्टील उष्णता धरतं, प्लास्टिक लगेच निवतं.)

ॲल्युमिनियमची कढई यात काळी पडते, लोखंडी तव्याला गंज येतो, पोळपाट तडकतो. म्हणजे घासायला जड तेवढं सगळं अजून मावशींकडेच आहे. पगाराचा विषय मी काढला नाही. त्यांनीही मशीन आलं त्या दिवशी पदराला हात पुसत एवढंच विचारून घेतलं होतं, "तवा जात नाही ना ह्यात? मग असू द्या."