माझा अनुभव : प्रोजेक्ट मॅनेजरच्या नोकरीसाठी रिझ्युमे लिहिताना

गेल्या वर्षी मार्च ते जुलै या पाच महिन्यांत मी पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील १९ बांधकाम कंपन्यांकडे प्रोजेक्ट मॅनेजर किंवा डेप्युटी प्रोजेक्ट मॅनेजर या पदासाठी अर्ज केले आणि एकाही ठिकाणाहून मला फोन आला नाही. स्थापत्य अभियांत्रिकीचा डिप्लोमा, साइट सुपरवायझर म्हणून सात वर्षे, पुढे साइट इनचार्ज म्हणून सहा वर्षे, आणि शेवटच्या प्रकल्पात १४ मजल्यांच्या दोन इमारतींची पायाच्या खोदाईपासून ताबा देईपर्यंतची जबाबदारी, इतके माझ्या पदरी होते. नकार आला असता तर तो मी मान्य केला असता. पण नकारही येत नव्हता, त्यामुळे आपले कुठे कमी पडते हेच कळत नव्हते. पुढे कारण कळले तेव्हा आलेला संताप अजून पुरता ओसरलेला नाही, आणि माझ्यासारख्या साइटवरच्या इतर माणसांचे महिने असे वाया जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

रिझ्युमे मी घराजवळच्या डीटीपी सेंटरमधून करून घेतला होता. डाव्या बाजूला निळी पट्टी, तीत माझा फोटो, फोन नंबर आणि कौशल्यांपुढे पाचपैकी किती तारे ते रंगवलेले. उजव्या बाजूला अनुभव. छापील प्रत दिसायला खरोखर सुरेख होती. अर्ज मात्र सगळीकडे ऑनलाइनच करायचे होते. फॉर्मवर आधी रिझ्युमेची फाइल चढवायची आणि मग नाव, शिक्षण, अनुभव असे रकाने भरायचे. फाइल दिलेली असताना तीच माहिती पुन्हा का लिहायची, या विचाराने मी अनुभवाच्या रकान्यात ‘सोबतचा रिझ्युमे पाहावा’ एवढेच लिहीत असे. दिवसभर साइटवर उभे राहून रात्री अकरा वाजता फॉर्म भरणाऱ्या माणसाला यात काही गैर वाटत नाही. मलाही वाटले नाही.

जुलैच्या शेवटी मी एका कंपनीच्या कार्यालयात प्रत्यक्ष गेलो. दीड तास बसवून ठेवल्यावर मनुष्यबळ विभागातील एका बाईंनी माझा अर्ज शोधला आणि पडदा माझ्याकडे वळवला. एकूण अनुभव शून्य वर्षे. सध्याचे पद कोरे. कौशल्ये कोरी. “सर, तुमच्या रिझ्युमेत सिस्टिमला काहीच मजकूर मिळालेला नाही. आम्ही दहा वर्षांच्या वरच्या अनुभवाची यादी काढतो, तिच्यात तुमचे नाव येणारच नाही,” असे त्यांनी शांतपणे सांगितले. माझ्या हातात त्याच रिझ्युमेची रंगीत प्रत होती आणि तीवर तेरा वर्षांचा अनुभव ठळक अक्षरांत छापलेला होता. ती प्रत त्यांनी घेतली नाही. अर्ज ऑनलाइनच स्वीकारले जातात, असे सांगितले.

घरी आल्यावर भाच्याला फाइल दाखवली. त्याने एका ओळीवर माउस फिरवून ती निवडण्याचा प्रयत्न केला, पण एकही शब्द निवडला जाईना. “मामा, यात अक्षरच नाही. हे सगळं चित्र आहे,” तो म्हणाला. डीटीपीवाल्यांनी रिझ्युमे कोरलड्रॉमध्ये केला होता आणि लग्नपत्रिका छपाईला पाठवताना फाँट बदलू नयेत म्हणून मजकुराचे कर्व्ह करतात, तसे ते इथेही केले होते. कर्व्ह केल्यावर अक्षराचा केवळ आकार उरतो; माणसाला वाचता येते, पण संगणकाच्या लेखी ती एक रेषाकृती असते. डीटीपीवाल्यांचा यात काही दोष नाही, कारण त्यांनी छपाईचे काम छपाईच्या रीतीने केले होते. माझा राग त्या १९ फॉर्मांवर आहे. फाइल स्वीकारली, आभाराचा ई-मेल पाठवला. पण या फाइलमधून काहीही वाचता आले नाही, अशी एक ओळ दाखवण्याची तसदी एकाही फॉर्मने घेतली नाही.

मग मी वर्डमध्ये दोन स्तंभांचा तयार नमुना घेऊन रिझ्युमे पुन्हा टाइप केला. भाच्याने मला एक साधी चाचणी शिकवली, आणि या सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही घ्यावी: पीडीएफ उघडून सगळा मजकूर निवडायचा, कॉपी करायचा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करायचा. तिथे जे आणि ज्या क्रमाने दिसेल, साधारण तेच समोरच्या सिस्टिमला दिसते. माझ्या नव्या रिझ्युमेची नोटपॅडमधील स्थिती पाहून मी हादरलो. दोन्ही स्तंभांच्या ओळी एकमेकींत मिसळल्या होत्या. ‘जून २०१७ ते आजपर्यंत’ ही तारीख ‘मराठी, हिंदी, इंग्रजी’ या भाषांच्या शेजारी जाऊन बसली होती आणि कंपनीचे नाव तिच्यापासून अकरा ओळी खाली होते. फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये लिहिला होता, त्याच्या जागी वेड्यावाकड्या खुणा होत्या, कारण नंबराआधी मी फोनचे चिन्ह टाकले होते. भाच्याच्या सांगण्यानुसार काही सिस्टिम हेडरमधला मजकूर वाचतच नाहीत.

तिसऱ्या वेळी तक्ता, स्तंभ, चौकट, तारे, फोटो असे सगळे काढून टाकले. नाव आणि फोन नंबर पानाच्या मुख्य भागात पहिल्या दोन ओळींत घेतले. प्रत्येक नोकरीसाठी पद, कंपनी, गाव आणि तारखा यांचा एकच ठरलेला क्रम ठेवला. अशा सिस्टिम अर्ज आपोआप नाकारतात असे सर्रास बोलले जाते, पण मला जे दिसले ते वेगळे आहे: तिथला माणूस ‘प्रिमावेरा’ (प्रकल्पाचे वेळापत्रक आखण्याचे सॉफ्टवेअर), ‘बिलिंग’, ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ असे शब्द टाकून शोधतो आणि ज्याच्या फाइलमध्ये ते शब्द वाचता येत नाहीत तो यादीत येत नाही. म्हणून जाहिरातीत जो शब्द असेल तोच, आपण ते काम खरोखर केले असेल तर, रिझ्युमेत वापरावा. मी ‘एमएसपी’ लिहिले होते. जाहिरातींत त्याच सॉफ्टवेअरचे नाव ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’ असे पूर्ण होते.

फाइल वाचली जाऊ लागली, तरी आतला मजकूर चांगला आहे असा याचा अर्थ नव्हता. माझे पहिले वरिष्ठ, जे आता निवृत्त आहेत आणि ज्यांना आम्ही साइटवर सगळेच काका म्हणत असू, त्यांना मी प्रत नेऊन दिली. ‘साइटवरील सर्व कामांवर देखरेख करणे, कंत्राटदारांशी समन्वय साधणे, गुणवत्ता राखणे’ अशा माझ्या ओळी त्यांनी वाचल्या आणि म्हणाले, “अरे, ही कुठल्याही साइट इनचार्जची कामं झाली. तू होतास म्हणून काय वेगळं झालं, ते यात कुठं आहे?” मला लगेच उत्तर देता आले नाही. मग त्यांनीच आठवण करून दिली की दुसऱ्या इमारतीचा स्लॅब सायकल, म्हणजे एका मजल्याच्या स्लॅबपासून पुढच्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत लागणारा काळ, आम्ही १८ दिवसांवरून १२ दिवसांवर आणला होता. रिझ्युमेत त्याचा उल्लेखही नव्हता.

ती एक ओळ लिहायला मला एक संध्याकाळ लागली. शेवटी ती अशी झाली: शटरिंगचा दुसरा संच मागवून, आणि सळई कापण्या-वाकवण्याचे काम आधीचा स्लॅब क्युअरिंगला असतानाच खाली उरकून, स्लॅब सायकल १८ दिवसांवरून १२ दिवसांवर आणला. (शटरिंग म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठीचा साचा, क्युअरिंग म्हणजे ओतलेले काँक्रीट पक्के होण्यासाठी ओले ठेवणे.) आकडा आहे, पण तो कसा आला तेही त्याच ओळीत आहे. पुढे मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला की सहा दिवस वाचवण्यासाठी टेकू लवकर काढले होते का. काँक्रीटच्या कामासाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे किमान १४ दिवस ठेवावे लागतात; आम्ही ते ठेवले होते आणि दुसरा संच त्यासाठीच मागवला होता, हे मी न अडखळता सांगू शकलो. ज्या आकड्यामागची हकीकत सांगता येणार नाही, तो आकडा लिहू नये. प्रकल्पाच्या तारखांच्या बाबतीत तर अधिक जपावे, कारण नोंदणीकृत प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

सुपरवायझरच्या आणि मॅनेजरच्या रिझ्युमेत काय फरक हवा, तेही मला काकांमुळेच समजले. सुपरवायझरने आपल्या हाताखाली किती माणसे होती, रोजचे किती काम निघत असे आणि अपघात किती टळले ते सांगावे. मॅनेजर व्हायचे असेल तर किती रुपयांचे काम होते, कोणता निर्णय आपण घेतला आणि उशीर झाला तेव्हा तो कसा भरून काढला, ते यायला हवे. सुपरवायझर म्हणून केलेल्या सात वर्षांना मी चारच ओळी ठेवल्या. मन तयार नव्हते, पण ठेवल्या.

पदाच्या नावाबद्दल एक खबरदारी. माझ्या जुन्या कंपनीच्या अनुभवपत्रात पद ‘सीनियर सुपरवायझर’ असे होते आणि काम साइट इनचार्जचे होते. रिझ्युमेत मी अनुभवपत्रातलेच पद लिहिले आणि प्रत्यक्ष जबाबदारी त्याखालच्या ओळीत दिली, कारण नेमणुकीपूर्वी पडताळणी होते. रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखाही पीएफच्या नोंदीशी ताडून पाहाव्यात. माझ्या एका नोकरीत दोन महिन्यांची तफावत निघाली, ती मी वेळीच दुरुस्त केली.

मी ‘पीएमपी करत आहे’ अशी ओळ टाकली होती, ती काढली. पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजरांसाठीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. चार वर्षांची पदवी नसलेल्याला त्या परीक्षेसाठी प्रकल्प हाताळल्याचा ६० महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण दाखवावे लागते. माझे प्रशिक्षण झाले होते, अर्ज केलेला नव्हता; म्हणून फक्त प्रशिक्षण लिहिले. वडिलांचे नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि शेवटचे ‘वरील माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापनही गेले, आणि दोन पानांत सगळे बसले.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी नव्या फाइलने पहिला अर्ज केला. फाइल चढवताच रकाने आपोआप भरले गेले. नाव नावाच्या जागी होते, फोन नंबर फोनच्या जागी, आणि एकूण अनुभवापुढे १३ वर्षे. मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून तो पडदा दाखवला. आठ दिवसांनी फोन आला. त्या कंपनीत काम झाले नाही, पण पुढच्या सहा अर्जांतून तीन मुलाखती मिळाल्या आणि तिसऱ्या ठिकाणी मी डिसेंबरमध्ये डेप्युटी प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून रुजू झालो.

एक सांगायचे राहिले. फाइलचे नाव ‘फायनल न्यू २’ असे ठेवू नये. आपले नाव आणि पद त्यात असावे, म्हणजे समोरच्याने ती उतरवून घेतली तरी शंभर फायलींत ती पुन्हा सापडते.