अकूस्टिकवरून इलेक्ट्रिककडे, आणि परत

अकूस्टिक, म्हणजे विजेविना वाजणाऱ्या, गिटारवर हात बसलेल्याला इलेक्ट्रिक गिटार सोपी वाटते. परंतु तो सोपेपणा फसवा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अकूस्टिकची सर्वांत बारीक तार बहुधा ०.०१२ इंचाची, तर इलेक्ट्रिकची ०.००९ किंवा ०.०१० इंचाची असते, त्यामुळे सवयीच्या जोराने कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) दाबली की स्वर चढतो आणि ती बेसूर होते. शिवाय अ‍ॅम्प्लिफायरचा गेन (गिटारचा संकेत किती मोठा करायचा ते प्रमाण) वाढवला की न छेडलेल्या ताराही गुणगुणू लागतात. त्यांना उजव्या तळहाताच्या कडेने आणि डाव्या तर्जनीच्या पोटाने गप्प ठेवणे, हीच मला या वाद्याची खरी विद्या वाटते. परत अकूस्टिकवर येताना बॅरे कॉर्ड, म्हणजे एकच बोट आडवे धरून अनेक तारा दाबायची कॉर्ड, बोटांचा कस पाहते, म्हणून मी रोजचा सराव तिच्यापासूनच सुरू करतो.