चार महाराष्ट्रांएवढा वर्ग

"स्वेटर आणलं ना? रात्री पारा शून्याखाली जाऊन राहिला इथं."

बारा वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणीचं हे पहिलं वाक्य, तेही ऑस्ट्रेलियाच्या मधोमध. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या छोट्याशा विमानतळावर ती उभी होती, पायात धुळीने लाल झालेले बूट, आणि बोलणं मात्र अजून तेच, थेट राजकमल चौकातलं. मेलबर्नहून विमानाने तीन तास लागतात. खाली पाहत आले, तर शेवटचे दोन तास फक्त तांबडी माती. गाव नाही, शेत नाही. कुठे एखादी सरळ रेघ दिसली की समजायचं, रस्ता आहे.

अमरावतीत आम्ही एकाच वाड्यात वाढलो. मी पुढे कॉमर्सला गेले, तिने डी.एड. केलं आणि पहिली नोकरी लागली ती मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. लग्नानंतर ती इकडे आली, नव्याने परीक्षा दिल्या, शिक्षक म्हणून नोंदणी मिळवली. आता ती 'स्कूल ऑफ द एअर'मध्ये, म्हणजे दूरवरच्या मुलांना घरबसल्या शिकवणाऱ्या शाळेत, शिकवते. या शाळेबद्दल फोनवर किती वेळा ऐकलं होतं, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती कळत नाही.

शाळेला वर्गखोल्या नाहीत, असं म्हटलं तरी चालेल. आहेत ते छोटे स्टुडिओ. मागे पडदा, समोर कॅमेरा आणि कानाला हेडफोन लावलेल्या बाई. पाहुण्यांना काचेपलीकडून तास बघता येतो, तसा मी पाहिला. पडद्यावर आठ चौकोन आणि आठ मुलं. एक पशुपालकांच्या स्टेशनवर (म्हणजे गुरांच्या अफाट कुरणावर), एक महामार्गावरच्या पेट्रोल पंपाच्या मागच्या खोलीत, एक अभयारण्याच्या रेंजरच्या घरी. एकाच्या मांडीवर कुत्र्याचं पिल्लू होतं. प्रत्येकाशेजारी एक मोठं माणूस, बहुतेक ठिकाणी आईच, नाहीतर घरी ठेवलेली शिकवणारी मुलगी. तिला इथे 'गव्ही' म्हणतात. बाईंचा तास थोडा वेळच असतो, बाकी दिवसभराचा अभ्यास या आया करून घेतात. शाळेचं क्षेत्र आहे तेरा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे चार महाराष्ट्र मावतील आणि वर जागा उरेल. मुलं शंभर-सव्वाशे.

सुरुवात १९५१च्या जूनमधली. त्याआधी इथे फ्लाइंग डॉक्टरांचं, म्हणजे विमानाने रुग्णांकडे जाणाऱ्या डॉक्टरांचं, रेडिओचं जाळं होतं. अल्फ्रेड ट्रेगर नावाच्या माणसाने १९२९ साली पायाने पेडल मारून वीज तयार करणारा रेडिओ बनवला होता, आणि त्यावर शेकडो मैलांवरची घरं डॉक्टरला हाक मारू शकत. अ‍ॅडलेड मीथ्के या शिक्षिका इथे आल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की एकेकटी वाढणारी ही मुलं फार बुजरी आहेत. डॉक्टरसाठी आणलेल्या याच रेडिओवर मुलांना एकमेकांचा आवाज का ऐकवू नये? त्या कल्पनेतून शाळा उभी राहिली. खरखरत्या रेडिओवर मुलं आपल्या बाईंचा फक्त आवाज ओळखायची. आता उपग्रहाचं इंटरनेट आलंय, चेहरे दिसतात. मला यातलं काय आवडलं सांगू? अभ्यास तर टपालानेही येत होता. मुलाला सोबत हवी, हे कुणीतरी ओळखलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मैत्रीण मला जुन्या टेलिग्राफ स्टेशनला घेऊन गेली. १८७२ साली अ‍ॅडलेड ते डार्विन तार ओढली गेली, तेव्हाच्या दगडी इमारती अजून नीट उभ्या आहेत. त्यांतून फिरताना ती एकदम गप्प झाली. १९३२ ते १९४२ या दहा वर्षांत तिथे मुलं ठेवली होती. आई आदिवासी आणि बाप गोरा, म्हणून सरकारने आयांकडून काढून आणलेली मुलं. अशी मुलं काढून नेणं देशभर चाललं, आणि देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत त्याची माफी मागितली २००८ साली. "एकाच गावात बघ," ती म्हणाली, "एका आईच्या घरी शाळा पोचवली, आणि दुसऱ्या आईच्या घरून पोर उचलून आणलं." यावर मी काही बोलू शकले नाही. आजही ते लिहिताना जड जातंय.

पहिल्या शनिवार-रविवारी उलुरूला, वाळवंटातल्या त्या भल्याथोरल्या लाल खडकाकडे गेलो. साडेचारशे किलोमीटर एका बाजूने, आणि वाटेत वळणं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. रोड ट्रेन म्हणजे तीन-तीन, चार-चार डबे जोडलेला ट्रक, पन्नास मीटरच्या वर लांब. तो शेजारून गेला की आपली गाडी हलते. वाटेत उंट दिसले, रानटी. त्यांची गोष्ट मैत्रिणीने गाडी चालवता चालवता सांगितली. १८६० साली एका मोहिमेसाठी चोवीस उंट कराचीहून जहाजाने मेलबर्नला आणले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं! पुढे बलुचिस्तान, पंजाब, सिंध, अफगाणिस्तानातले उंटवाले आले, सगळ्यांना इथे सरसकट 'अफगाण' म्हणायचे. तारेचे खांब, पीठ, लोकर, सगळं त्यांच्या उंटांवरून गेलं. अ‍ॅडलेडहून येणाऱ्या रेल्वेला 'द घान' हे नाव त्यांच्यावरूनच पडलंय. ट्रक आले, तसे उंट सोडून दिले गेले.

उलुरूचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील, म्हणून रंगांचं वर्णन करत बसत नाही. त्यावर चढणं २६ ऑक्टोबर २०१९पासून कायमचं बंद आहे. बरोबर त्याच तारखेला, १९८५ साली, ही जमीन मूळ मालकांना, अनंगू लोकांना परत दिली होती. आम्ही पायथ्याने फेरी मारली, दहाएक किलोमीटर. माझी आई श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करायची, अनवाणी. तीच आठवत राहिली. काही ठिकाणी पाट्या आहेत, इथे फोटो काढू नका, ही जागा आमच्यासाठी पवित्र आहे. काढले नाहीत. एका कपारीखाली पाणी साचलं होतं, आणि त्या पाण्याजवळ इतकी शांतता होती की आम्ही दोघी आपोआप कुजबुजत बोलायला लागलो.

बाहेर काही अनंगू बायका लाकडावर तापल्या तारेने नक्षी काढलेले पक्षी-पाली विकायला बसल्या होत्या. मैत्रीण त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "पल्या?" सगळं ठीक ना, असं. मग 'उवा' म्हणजे हो, 'विया' म्हणजे नाही, असे तिला येणारे दहा-वीस शब्द आणि बाकी हातवारे. त्या बायका हसल्या, सरकून तिला जागा करून दिली.

'स्कूल ऑफ द एअर'च्या आधी दोन वर्षं तिने आदिवासींच्याच एका वस्तीवरच्या शाळेत शिकवलं होतं. मुलांच्या घरात दोन-दोन, तीन-तीन भाषा, इंग्रजी त्यांच्यानंतरची. "मेळघाटात पहिल्या दिवशी मी पोरांना म्हटलं, पाटी काढा. एकही पोरगं हललं नाही. मला वाटलं, ऐकत नाहीत. अवं, त्यांना मराठी समजूनच नव्हती राहिली." त्या पोरांची भाषा कोरकू. ती मराठीच्या नात्यातली नाहीच, तिचं कूळच वेगळं. मग तिने अंगणवाडीच्या मदतनीस बाईंकडून कोरकू शब्द वहीत लिहून घ्यायला सुरुवात केली. इथेही तिने तेच केलं. नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे इथल्या या प्रांतात, सत्तरच्या दशकापासून मुलांच्या भाषेत शिकवणाऱ्या शाळा होत्या. २००८ साली फर्मान निघालं, की रोजचे पहिले चार तास इंग्रजीच. तिला हा निर्णय आजही पटत नाही, आणि मलाही नाही. लेकरू शाळेत आल्यावर पहिल्या तासाला त्याची आई बोलते ती भाषा त्याच्या कानावर पडायला हवी, मग ते धारणीत असो की इथे.

दुसऱ्या शनिवारी तिच्या एका विद्यार्थ्याच्या घरी जायचं होतं. वर्षातून एकदा तरी शिक्षक प्रत्येक मुलाच्या घरी जातात, पण हे आमंत्रण घरच्यांचं होतं, पाहुण्या मैत्रिणीसकट. डांबरी रस्ता संपला तिथे तिने गाडी थांबवली आणि चारही चाकांतली हवा थोडी कमी केली. पुढचा रस्ता मातीचा, छपराच्या पन्हळी पत्र्यासारखा लाटालाटांचा. हळू चालवलं तर दात वाजतात, थोडा वेग धरला की चाकं लाटांच्या माथ्यावरून निघून जातात. साठाव्या किलोमीटरला टायर गेला. मी घाबरले. फोनला रेंज नाही, माणूस नाही. "काऊन घाबरून राहिली? दोन स्टेपनी आहेत आपल्याकडं." तिने जॅक लावला. त्या तासाभरात एकच गाडी आली, आणि ती थांबली. आतल्या म्हाताऱ्याने पाणी आहे का विचारलं, चाक बसेपर्यंत उभा राहिला, आणि मगच गेला.

घराच्या आधी पाच फाटकं लागतात. फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. गुरांचं पाणी त्यावर अवलंबून असतं.

तो आठ वर्षांचा मुलगा. पडद्यावर अखंड बोलणारा, मी स्वतः पाहिलेला. आम्ही उतरलो तर आईच्या मागे लपला, चेहरा तिच्या शर्टात. मैत्रीण जवळ गेली नाही. ओट्यावर बसून बुटांतली माती झाडत राहिली. पाचेक मिनिटांनी तो हळूच पुढे आला, तिला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "मिस, तुम्ही एवढ्या बुटक्या आहात?" आणि तिचा हात धरून शाळा दाखवायला ओढत घेऊन गेला. घरामागची एक पत्र्याची खोली. एक टेबल, भिंतीवर वेळापत्रक, आणि त्याच्या सात वर्गमित्रांचे फोटो. त्यांतलं कोण कुठे राहतं, हे त्याने नकाशावर बोट ठेवून मला सांगितलं.

त्याच्या आईने औषधांची पेटी दाखवली. फ्लाइंग डॉक्टर सेवेने दिलेली. आत प्रत्येक औषधावर नंबर. कुणी आजारी पडलं की फोन लावायचा, डॉक्टर विचारपूस करून सांगतात, अमुक नंबरचं औषध इतकं द्या. मागच्या वर्षी धाकटीचा ताप उतरेना, तेव्हा रात्री विमान बोलवावं लागलं. नवरा गाडी घेऊन धावपट्टीवर कांगारू हाकलत होता आणि ती दिवे लावत होती. हे सगळं ती कपडे वाळत घालता घालता सांगत होती.

रात्री अंगणात मल्गाच्या लाकडांची शेकोटी. त्यांचा डॅम्पर म्हणजे निखाऱ्यात भाजलेला जाड पाव. मैत्रिणीने सकाळीच जाडसर कणीक सोबत घेतली होती. तिने घड्या घालून गोळे वळले आणि त्याच निखाऱ्यांत पुरले. रोडगे! गोवऱ्यांचा वास नव्हता, पण राख झटकून, फोडून, वर तूप सोडलं तेव्हा वाड्यातलं मागचं अंगण समोर उभं राहिलं. वांग्याची भाजी नव्हती, वरण होतं. मुलाच्या वडिलांनी चार रोडगे खाल्ले.

रविवारी निघालो तर बापलेक त्यांच्या गाडीने पहिल्या फाटकापर्यंत पुढे आले होते. मुलगा उतरला, दोन्ही हातांनी फाटक ढकलून आमच्यासाठी धरून उभा राहिला. तिने काच खाली केली.

"उद्या साडेआठला भेटू, मिस."

"गृहपाठ झाला का पण?"

तो हसला, आणि आमच्या मागे फाटक लावून घेतलं.