इंजिनाची ताकद मोजायची होती, अडले ते वजनकाट्यावर

फोनवरील ॲपने गाडीच्या इंजिनाची ताकद आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, खरोखर मोजता येतो का, असे हल्ली ओळखीचे लोक मला विचारतात. मोजता येतो. अवघड आहे ते गाडीचे वजन करून घेणे, आणि स्वतःच्या रिकाम्या गाडीचे वजन करून मागणाऱ्या बाईकडे पुण्यात ज्या नजरेने पाहिले जाते, तिचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आमची एक लिटर इंजिनाची, पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्हींवर चालणारी हॅचबॅक आहे. ती सर्व्हिसिंगला दिली असता, ‘पिकअप गेलाय, इंजिन आतून साफ करून घ्या’ असा सल्ला मिळाला आणि त्यासोबत भल्या मोठ्या खर्चाचा अंदाजही हातात पडला. पिकअप गेला म्हणजे नेमका किती गेला, या प्रश्नाला मात्र कोणाकडेच उत्तर नव्हते. गाडीच्या माहितीपत्रकात पेट्रोलवर ६७ पीएस (म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) ताकद व ८९ न्यूटन-मीटर टॉर्क आणि सीएनजीवर ५७ पीएस व ८२ न्यूटन-मीटर असे आकडे छापलेले आहेत, तेव्हा आजचे आकडे काढून ते यांच्याशी ताडून पाहावेत, असे मी ठरवले. असे मोजमाप रीतसर डायनॅमोमीटर या ताकद मोजणाऱ्या यंत्रावर होते, आणि कोथरूडच्या टेकडीवर, १९६६ मध्ये स्थापन झालेली, वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआयसारखी संस्था उभी आहे हे कोणाही पुणेकराला ठाऊक असते, परंतु तेथे वाहन उत्पादकांच्या गाड्या प्रमाणित होतात; एका घरगुती हॅचबॅकच्या तक्रारीसाठी तेथे जाणे मला शोभले नसते.

ॲप घेणे, स्टिअरिंगखालच्या ओबीडी, म्हणजे गाडीच्या संगणकातील नोंदी देणाऱ्या, सॉकेटमध्ये छोटा ब्लूटूथ डोंगल बसवणे आणि फोनशी त्याची जोडणी करणे यात सांगण्यासारखे काही नाही. ॲप जे करते तेही शाळेत शिकलेलेच असते. गाडी किती झपाट्याने वेग घेते हे पाहून त्याला वजनाने गुणले की बल मिळते, त्यात हवेचा आणि टायरांचा विरोध मिळवून वेगाने गुणले की ताकद मिळते, आणि किलोवॅटमधील ताकदीला ९५४९ ने गुणून इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांनी भागले की न्यूटन-मीटरमध्ये टॉर्क मिळतो. या सगळ्या गणिताच्या मुळाशी ॲपमध्ये भरायची वजनाची एक चौकट असते. तीत दहा टक्के चूक भरली, तर दुसऱ्या गिअरच्या वेगात ताकदीचा आकडाही जवळपास तेवढाच चुकतो, आणि माझ्या गाडीच्या बाबतीत दहा टक्के म्हणजे निरोगी इंजिन आणि ‘पिकअप गेलेले’ इंजिन यांच्यातील सगळा फरक होता.

आरसीवर रिकामे वजन छापलेले असते, ते का भरू नये, असे माझ्या भाच्याने विचारले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये रिकाम्या वजनाची जी व्याख्या आहे, तीत चालक आणि मदतनीस धरलेले नाहीत. मी गाडी चालवणार आणि भाचा शेजारी बसून फोन सांभाळणार, म्हणजे सव्वाशे किलोंच्या आसपास भर तेथेच पडते. शिवाय पेट्रोल लिटरमागे पाऊण किलोच्या घरात, गॅसची टाकी भरलेली असली तर आठ-नऊ किलो, आणि सीट कव्हरपासून डिकीतल्या पाण्याच्या कॅनपर्यंत आपण चढवलेले सामान वेगळेच. तेव्हा चाचणीच्या वेळी गाडी जशी असेल तशीच, आम्हा दोघांसह, काट्यावर चढवायची, एवढी साधी माझी अपेक्षा होती.

मार्केट यार्डाच्या परिसरातील एका काट्यावर आम्ही प्रथम गेलो. तेथील माणसाने खिडकीतून गाडीत वाकून पाहिले आणि विचारले, “माल काय आहे, ताई?” माल काही नाही, गाडीचेच वजन हवे आहे, असे मी सांगितल्यावर तो म्हणाला, “मग मोजायचं काय?” मी कारण समजावून सांगू लागले, तोवर मागे कांद्याचा ट्रक येऊन हॉर्न वाजवू लागला आणि आम्हाला बाजूला घेण्यात आले. बाजूला म्हणजे ट्रकांची रांग संपेपर्यंत, आणि मार्केट यार्डात सकाळच्या वेळी ट्रकांची रांग संपत नसते. बऱ्याच वेळाने मी पुन्हा खिडकीशी गेले, तेव्हा हा साठ टनांचा काटा आहे, त्यावर तुमची गाडी दिसणारच नाही, असे मला ऐकवण्यात आले.

हे खरे नाही, आणि ज्यांना पुढे असा अनुभव येईल त्यांच्यासाठी कारण सविस्तर सांगते. काट्याच्या दर्शकावर किंवा शेजारच्या पट्टीवर कमाल क्षमता, किमान क्षमता आणि वजनाचा टप्पा, म्हणजे काटा दाखवतो ती सर्वात लहान पायरी, छापलेला असतो. अशा काट्यांची किमान क्षमता टप्प्याच्या वीसपट असते, म्हणजे १० किलोंच्या टप्प्याचा काटा २०० किलोंपासून आणि २० किलोंच्या टप्प्याचा काटा ४०० किलोंपासून रीतसर वजन दाखवतो. एक टनाच्या आतबाहेरची गाडी दोन्हींवर व्यवस्थित मोजली जाते. फरक इतकाच की २० किलोंच्या काट्यावर आपल्याला दोन टक्क्यांच्या पायरीने उत्तर मिळते आणि १० किलोंच्या काट्यावर एका टक्क्याच्या, म्हणून आधी फोन करून टप्पा विचारून घ्यावा. वैध मापन शास्त्र यंत्रणेचा चालू वर्षाचा शिक्का आहे का, हेही विचारावे. मी विचारले तेव्हा दुसऱ्या एका काट्यावरच्या माणसाने फोनच ठेवून दिला.

फुरसुंगी-उरुळी देवाचीकडील गोदामांच्या पट्ट्यात अखेर १० किलोंचा काटा मिळाला. तेथील तरुण सज्जन होता, पण त्याच्या संगणकातील सॉफ्टवेअर तसे नव्हते. वाहन क्रमांक, पार्टीचे नाव आणि माल हे तिन्ही रकाने भरल्याखेरीज पावती छापली जात नव्हती, आणि मालाच्या यादीत खडी, वाळू, भंगार, भुसार असे सर्व काही असूनही ‘काही नाही’ हा पर्याय नव्हता. त्यातच त्याने नेहमीच्या सवयीने आम्हाला उतरायला सांगितले, कारण रिकाम्या गाडीच्या वजनाला माणसे उतरवण्याची तेथे पद्धत आहे. आम्ही उतरणार नाही, आमच्यासहच वजन हवे आहे, असे मी म्हणताच त्याला प्रथमच संशय आला आणि त्याने मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, भरलेली गाडी म्हणून घे. मग भरलेले वजन धरले तर रिकामे वजन कधी करणार, असा प्रश्न सॉफ्टवेअरने विचारला. हा संवाद काट्यावरच्या लोखंडी पाटावर गाडी उभी ठेवून, मागे दोन टेम्पो थांबलेले असताना, उन्हात चालला होता. शेवटी ‘माल: इतर’ असे लिहून ९९० किलोंची पावती निघाली. त्या ‘इतर’मध्ये मी आणि माझा भाचा येतो. काट्याचे शुल्क किरकोळ असते. मला चीड आली ती एवढ्यासाठी की जे यंत्र काही सेकंदांत आकडा दाखवून मोकळे झाले होते, त्याच्याकडून तो कागदावर उतरवून घेण्यात अर्धा दिवस गेला.

पुढचे काम त्या मानाने सुखाचे झाले. पुण्याच्या आसपास सपाट, सरळ रस्ता शोधणे हे एरवी कठीणच, कारण शंभर मीटरमध्ये एक मीटरचा चढ नजरेला जाणवतही नाही, पण एक टनाच्या गाडीची ताशी ७० किलोमीटर वेगात अडीच पीएस ताकद खाऊन टाकतो. सोलापूर रस्त्यावर यवतच्या पुढे पहाटे मोकळा पट्टा मिळतो. तेथे दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश वेगातून एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून आम्ही दोन्ही दिशांनी नोंदी घेतल्या आणि त्यांची सरासरी काढली. दुसरा गिअर अशासाठी की त्यात इंजिन आपल्या कमाल ताकदीपर्यंत पोहोचते तरी वेग ऐंशीच्या आत राहतो. तिसऱ्यात कायद्याची मर्यादा ओलांडावी लागली असती.

फोनच्या त्वरणमापकावर, म्हणजे वेगातील वाढ मोजणाऱ्या सेन्सरवर, मात्र विसंबू नये. वेग घेताना गाडीचे नाक वर उचलले जाते, आणि अवघ्या एका अंशाच्या कलाने त्वरणात सेकंदावर्ग ०.१७ मीटरची खोटी भर पडते, जी आमच्या गाडीच्या खऱ्या त्वरणाच्या दहाव्या हिश्श्याच्या घरात जाते. फोनमधील जीपीएस बहुधा सेकंदाला एकच नोंद देतो, ओबीडीवरील वेग पूर्ण किलोमीटरमध्येच येतो, पण इंजिनाच्या फेऱ्या पाव फेरीइतक्या बारकाईने मिळतात. क्लच घसरत नसेल तर एका गिअरमध्ये फेऱ्या म्हणजेच वेग, म्हणून ॲपमध्ये तोच पर्याय निवडावा.

हवेच्या दाबाची चौकट भरताना हवामानाच्या ॲपमधील आकडा घेऊ नये, हे सांगायचे राहिलेच. तो समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला असतो. पुणे साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने येथील खरा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, आणि टर्बो नसलेले इंजिन येथे पाच-सहा टक्के ताकद त्यामुळेच गमावते.

पेट्रोलवर चाकांपाशी ५० पीएसच्या आसपास ताकद आली. ६७ मधून पुण्याची हवा वजा केली की ६३ उरतात, गिअरबॉक्समध्ये दहाएक टक्के जातात, आणि खालच्या गिअरमध्ये फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेले जड चाक) व चाके फिरवण्यातच आणखी तेवढी खर्च होते, म्हणजे हिशेब पन्नाशीपाशीच येतो. सीएनजीवर ४३ आले. हे प्रमाण माहितीपत्रकातील ५७ आणि ६७ यांच्या प्रमाणाशी जुळते, आणि गॅसवरची घट इंजिनाच्या आजारपणामुळे नाही. मिथेन मिश्रणातील साडेनऊ टक्के जागा स्वतःच व्यापतो, तेवढी हवा सिलिंडरमध्ये कमी शिरते.

इंजिन आतून साफ करण्याचे काम मी नाकारले, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग तेवढे बदलून घेतले. ज्यांना केवळ पेट्रोल आणि गॅस यांची तुलना करायची आहे, त्यांनी वजनकाट्याच्या वाटेला जाऊ नये. वजन दोन्ही वेळा सारखेच असल्याने अंदाजे आकडा भरला तरी प्रमाण बरोबरच येते.