तुम्ही विचारलंत म्हणून: केस करू का मिटवू?

गावात मला दोन प्रश्न सारखे येतात. "वहिनी, वर्तणुकीचा दाखला कधी देताय?" हा एक, आणि त्याचं उत्तर 'उद्या सकाळी या' एवढंच असतं. दुसरा दिवेलागणीनंतर येतो. दारात चप्पल काढून, आवाज खाली आणून कुणीतरी विचारतं, "केस करू का मिटवू?" बचत गटाच्या बायका विचारतात, पुण्याहून फोन करणारे पोरगे विचारतात, परवा तर चुलत सासऱ्यांनीही विचारलं. सगळ्यांना एकदाच सांगून टाकते.

मी पोलीस पाटील आहे. माण-खटावच्या पट्ट्यातलं आमचं गाव, पाऊस बेभरवशाचा, भाऊबंदकी मात्र बारमाही. पोलीस पाटील म्हटलं की लोकांना अजून फेटेवाला म्हातारा दिसतो. ती वतनदारीची पाटीलकी १९६२च्या कायद्याने गेली. आता १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली प्रांताधिकारी नेमणूक करतात, लेखी परीक्षा असते, २०२४ पासून मानधन महिना १५,००० आहे. माझं काम गावात काय घडलं ते ठाण्याला कळवायचं. निवाडा द्यायचा अधिकार मला नाही. पण गावाला ते पटत नाही. पाटील म्हणजे निवाडा, हे डोक्यात बसलेलं आहे.

आणि मिटवण्याची सवय आमच्याकडे जुनी आहे. १९४३ ते ४६ या काळात नाना पाटलांच्या प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यात न्यायदान मंडळं चालवली, तेव्हा सांगलीकडचा बराच मुलूख साताऱ्यातच होता. आमचे आजेसासरे त्या काळातल्या गोष्टी सांगायचे. वकील नाही, तारीख नाही, निकाल त्याच दिवशी. पुढे तासगावच्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव समित्या झाल्या, तंटे मिटवणाऱ्या गावांना बक्षिसं मिळाली. बांधाचे, पाण्याच्या पाळीचे कितीतरी वाद त्यात खरोखर मिटले, उगाच नावं ठेवायची नाहीत. पण पारावर बसून 'मिटवून घ्या' असं ज्याला सांगितलं जातं, तो माणूस कोण असतो ते एकदा नीट बघा. मारणाऱ्याला कुणी ते सांगत नाही.

म्हणून माझं उत्तर असं: मिटवायचं असेल तर मिटवा, पण आधी लिहून होऊ द्या.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, चुकून शिकले म्हणून सांगते.

गेल्या वर्षी शाळू काढणीच्या दिवसांत एक बाई माझ्याकडे आली. उजवं मनगट पदरात गुंडाळलेलं, बांगडी फुटून काच आत रुतलेली. दिराने बांध कोरला, ही आडवी गेली, त्याने फावड्याच्या दांड्याने मारलं. तिने दांडा असंच सांगितलं, दोनदा. मी तिला पुतण्याच्या गाडीवर बसवून पाठवलं आणि मागून दुसऱ्या गाडीवर ठाण्यात गेले.

ठाणे अंमलदाराने लिहून घेतलं आणि भरभर वाचून दाखवलं. "...शेताच्या बांधावरून वादावादी होऊन धक्काबुक्की केली." दांडा कुठेच नव्हता. बाईने मान हलवली. तिच्या हिशेबी धक्काबुक्कीत सगळंच आलं. मला मात्र कळलं. रात्रीचे आठ वाजून गेले होते, अंमलदार म्हणाले, "पाटीलबाई, घरातलंच आहे, मिटेल." मी बोलले नाही. त्याच दिराचा पोरगा आठवड्यापूर्वी भरतीसाठी माझ्याकडून दाखला घेऊन गेला होता. पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळणारं पोर. मलाही आतून वाटत होतं की मिटावं. बाईने अंगठा दिला.

आता तो एक शब्द गेल्याने काय झालं ते समजून घ्या, कारण इथेच बहुतेक लोक फसतात. नुसत्या हाताने मारलं आणि साधी दुखापत झाली तर तो अदखलपात्र गुन्हा. त्याची होते एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. लोकांना वाटतं कागद मिळाला म्हणजे केस झाली. एनसी म्हणजे केस नव्हे. तिच्यात कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. फार तर दोन्हीकडच्यांवर चॅप्टर केस होते, म्हणजे पुन्हा भांडू नये म्हणून प्रतिबंधक कारवाई, पूर्वीचं कलम १०७, आताचं १२६, आणि मार खाल्लेलाही तहसीलदारापुढे शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून देतो. तेच हत्याराने मारलं, हाड मोडलं किंवा दात पडला, की गुन्हा दखलपात्र. मग एफआयआर घ्यावाच लागतो. सुप्रीम कोर्टाने २०१३ साली ललिताकुमारीच्या निकालात हे स्वच्छ सांगितलं आहे. म्हणजे एनसी की एफआयआर, हे कितीदा एका शब्दावर ठरतं. तो शब्द तुमच्या तोंडातून बाहेर पडून कागदावर उतरला का, एवढंच बघायचं असतं.

१ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. एफआयआरच्या जुन्या कलम १५४च्या जागी १७३ आलं. लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि प्रत फुकट द्यायची, हे जुन्यातही होतं, नव्यातही आहे. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. घेतलंच नाही तर लेखी तक्रार पोस्टाने एसपींकडे, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची, तिथेही नाही झालं तर कोर्ट. हे मला परीक्षेपासून पाठ आहे. पाठ असूनही मी त्या खुर्चीवर गप्प बसले होते.

आणि ज्या बाईला वाचता येत नाही तिच्यासाठी 'वाचून दाखवणे' म्हणजे काय? एक आवाज. खुरपणीची ३०० रुपये हजेरी मोडून ती आलेली असते. मेडिकलची यादी, म्हणजे तपासणीसाठी पोलिसांचं पत्र, घेऊन दवाखाना, परत ठाणं, तिथे साहेब बंदोबस्ताला गेलेले, उद्या या. दोन उद्या झाले की पारावरचं 'मिटवून घे' स्वस्त वाटायला लागतं. माणूस कायद्यापासून लांब राहतो तो दर वेळी भीतीनेच असं नाही, खर्चानेही राहतो.

दुसरी बाजूही खरी आहे. एफआयआर ही हौसेने करायची गोष्ट नाही. एकदा झाला की 'मागं घेतो' म्हणून मागे येत नाही. काही कलमं कोर्टापुढे आपसात मिटवता येतात, काही मिटतच नाहीत. आमच्याकडे घरटी एक पोरगा सैन्याच्या नाहीतर पोलीस भरतीची तयारी करतो, आणि चारित्र्य पडताळणीत गुन्हा निघाला की त्याचं सगळं पळणं वाया. हे लोकांना पक्कं ठाऊक आहे, म्हणून भांडणात नसलेल्या पोराचंही नाव मुद्दाम घालतात. माझ्यापुढे असं कुणी आलं तर मी चिडते. ज्याने मारलं त्याचंच नाव सांगा. चार नावं जास्त घातलीत तर तुमचं खरं असलेलंही पातळ होतं.

नुसता बांधाचा वाद असेल, हातापायी झाली नसेल, तर ठाण्याकडे फिरकू नका. भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. तुमचं क्षेत्र त्याच्या ताब्यात आणि त्याचं तुमच्या, असं किमान १२ वर्षं चाललेलं असेल तर २०२३ची सलोखा योजना आहे, १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल कागदावर येते. मिटवणं मला असं आवडतं, सातबाऱ्यावर उतरलेलं. शपथा खाऊन मिटवलेलं पुढच्या पेरणीला उकरून निघतं.

त्या बाईचं पुढे काय झालं? तिसऱ्या दिवशी मनगट भाकरीसारखं फुगलं. एक्स-रेत हाडाला चीर निघाली. मग पुन्हा ठाणं, नव्याने फिर्याद, आणि या वेळी मी एकेक ओळ थांबवून थांबवून वाचून घेतली. दांडा आला, दिराचं नाव आलं, पोराचं आलं नाही, कारण तो तिथे नव्हताच. दोषारोपपत्र गेलं आहे. मधल्या दिवसांत बांध मात्र दीड हात सरकला, त्याची मोजणी अजून व्हायची आहे.

तारीख शाळूच्या काढणीतच पडली आहे. समोरचा वकील तिला पहिलं हेच विचारणार, 'बाई, दांड्याने मारलं तर पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?' तिने सांगितलं होतं. मी शेजारीच बसले होते, आणि साक्षीदारांच्या यादीत माझंही नाव आहे.