तबकडी आणि कूलर

मार्च सरता सरता आमच्या हॉलच्या खिडकीत कूलर बसतो आणि माझ्या गाणं ऐकण्याचा मोसम संपतो. मग पाऊस पडेपर्यंत घरात एकच राग, तोही घरघरीचा. एकदा फोनमधल्या मीटरवर मोजला, ६४ डेसिबल भरला. पंप चालू केला की वरून जलतरंग.

आणि मी कोण? तर फोनवर गाणी ऐकणाऱ्यांना नाकं मुरडणारा, कपाटात तबकड्या जपणारा माणूस!

सीडी १९८२ साली बाजारात आली. दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घ्यायचं आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहायचं, असा तिचा कारभार. त्यामुळे अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. १९९९ मध्ये तिची श्रीमंत बहीण आली, एसएसीडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडी. ती माप लिहिते एकाच बिटात, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा. तिचा पल्ला १२० डेसिबलच्या घरात जातो. हे सगळं मला तोंडपाठ आहे. फक्त नागपूरच्या मे महिन्यात त्या पल्ल्याचा तळमजला कूलरच्या पाण्याखाली असतो.

पुण्याच्या भाच्याने मला पियानोची एक एसएसीडी दिली होती. दोन वर्षं मी ती आल्यागेल्याला ऐकवली. "बघा, किती खोली आहे आवाजाला!" लोक माना डोलवायचे. मग भाचा स्वतः आला, प्लेअरच्या मागेपुढे बघून म्हणाला, "मामा, हा एसएसीडी वाचतच नाही. तुम्ही साधी सीडी ऐकताय."

झालं असं की ती तबकडी हायब्रिड होती. तिच्यात दोन थर असतात. वरच्या बाजूला, छापील लेबलाखाली साध्या सीडीचा, आणि जाडीच्या मध्यावर एसएसीडीचा. मधला थर वाळ्याच्या ताटीसारखा असतो. ताटी ऊन अडवते, वारा सोडते, तसा तो एसएसीडी प्लेअरचा लाल लेसर अडवून परत पाठवतो आणि सीडी प्लेअरचा अवरक्त लेसर आरपार जाऊ देतो. माझा बिचारा प्लेअर दोन वर्षं ताटीपलीकडचंच वाचत होता, आणि मी खोलीचं कौतुक करत होतो. (ज्यांनी माना डोलवल्या, त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

एलपीची हौसही करून झाली. इतवारीतून एक जुनी रेकॉर्ड घेतली आणि स्कूटरच्या डिकीत टाकून भर दुपारी रसवंतीवर थांबलो. घरी आलो तर रेकॉर्डचा पापड. तेव्हा गच्चीवर आमच्याकडे वाळवण चालूच होतं. बायको म्हणाली, "हाही ठेवा वर, उलटून पालटून."

डिसेंबर-जानेवारीत मात्र चैन असते. पंखासुद्धा बंद. रात्री अकरानंतर अजनीकडून एखाद्या मालगाडीची शिट्टी येते, तेवढीच. पण माझी कामं, लग्नं, पाहुणे, संत्र्यांच्या पेट्या, सगळं नेमकं त्याच दोन महिन्यांत येतं.

परवाची गोष्ट. पारा ४५च्या वर. वसंतराव देशपांड्यांची साधी सीडी लावली होती. सवयीनेच लावली होती, ऐकू काय येणार? तेवढ्यात लाईन गेली. कूलर गुरगुरत गुरगुरत थांबला. प्लेअर मात्र मी दिवाळीत, कोणाला न सांगता, इन्व्हर्टरच्या लाईनवर घेऊन ठेवला होता. तो चालूच राहिला. आणि गाण्याच्या मागून तंबोरा वर आला. इतके महिने तो तिथेच होता. षड्जाची तार छेडली की तिच्यातून हळूच गंधार उमटत होता, आणि बुवा श्वास कुठे घेतात तेही कळत होतं.

पण वरती पंखा खटखटत होता. मी हळूच उठलो आणि बटण दाबलं.

आतून आवाज आला, "अहो, पंखा काहून बंद झाला बाप्पा?"

"इन्व्हर्टर उतरला असेल," मी म्हणालो.

"मग हे गाणं कशावर सुरू आहे?"